बडोद्याहून वर्ल्डकॉनला: पहिल्या मोठ्या विज्ञानकथा संमेलनाची तयारी

बडोदेकरांना संमेलन नवीन नाही. १९०९, १९२१, १९३४ आणि मग २०१८ मध्ये ९१ वं, असं मराठी साहित्य संमेलन चार वेळा इथे भरलं. त्यामुळे मांडव, पुस्तकांचे गाळे, एकाच वेळी दोन सभागृहांत चाललेले परिसंवाद हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. विज्ञानकथेचं जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, पहिल्या नजरेला तसंच दिसतं. एक फरक मात्र आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी तयारी त्यावर उभी आहे. तिथे तिकीट काढत नाहीत, सभासद होतात. संमेलन चालवणारे सगळे बिनपगारी स्वयंसेवक असतात, विज्ञानकथेचे ह्युगो पुरस्कार सभासदांच्या मतांनी ठरतात आणि दोन वर्षांनंतरचं संमेलन कुठल्या गावी भरायचं हेही सभासदच मत देऊन ठरवतात. प्रेक्षक म्हणून गेलात तर पाच दिवस रांगा आणि खुर्च्या वाट्याला येतील. सभासद म्हणून तयारी केलीत तर काम, ओळखी आणि मताचा हक्क मिळेल.

पहिलं वर्ल्डकॉन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला झालं. १९४२ ते १९४५ ही युद्धाची वर्षं सोडली तर ते दरवर्षी नव्या गावात भरतं. इथे उदाहरणादाखल २०२७ चं धरलं आहे: मॉन्ट्रियाल, कॅनडा, २ ते ६ सप्टेंबर, जागा पाले दे काँग्रे. तारखा पाहिल्याबरोबर घरात एक प्रश्न निघणार. ४ सप्टेंबर २०२७ ला गणेश चतुर्थी आहे. घरात गणपती बसत असेल तर पूजेला कोण बसणार, हे आधी घरच्यांशी बोलून घ्या. तिकिटं काढल्यावर हा विषय निघाला तर सगळ्यांनाच त्रास होतो.

वर्षभर आधी: सभासदत्व आणि वाचन

सभासदत्वाचे दोन भाग असतात. पहिला मूळ सभासदत्वाचा. तो स्वस्त असतो आणि ह्युगो पुरस्कारांच्या शिफारशीचा व मतदानाचा हक्क त्यातून येतो. दुसरा प्रत्यक्ष हजेरीचा, जो पहिल्यावर वेगळा भरायचा. दर ठरावीक तारखांना वाढतात, म्हणून मूळ भाग लगेच घ्या आणि हजेरीचा भाग पुढच्या दरवाढीच्या आत. काही संमेलनं पहिल्यांदा येणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना किंवा तरुणांना सवलत देतात. फॉर्म भरताना तो पर्याय शोधा, तो आपोआप लागत नाही.

प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन सभासदत्वाची सोय आहे का ते पाहा. सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रियाल आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथला सकाळी दहाचा कार्यक्रम बडोद्यात संध्याकाळी साडेसातला दिसतो, पण तिथला संध्याकाळी पाचचा बघायला पहाटे अडीचपर्यंत जागावं लागतं. सकाळचे कार्यक्रम थेट बघा, बाकीच्यांचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर नंतर.

आता ह्युगो. हे पुरस्कार १९५३ पासूनचे. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेलं साहित्य पात्र ठरतं आणि प्रत्येक विभागात पाच नावं सुचवता येतात. कथेचे विभाग शब्दसंख्येवर पडतात: साडेसात हजारांखाली लघुकथा, साडेसात ते साडेसतरा हजार दीर्घकथा, तिथून चाळीस हजारांपर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. शिफारशींतून प्रत्येकी सहा नावं अंतिम यादीत येतात. अंतिम मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं, १, २, ३ असं. 'कोणालाच नको' हाही क्रमातला एक पर्याय असतो आणि तो विचारपूर्वक वापरायचा असतो. यादी लागल्यावर प्रकाशकांच्या परवानगीनं बरंचसं साहित्य सभासदांना डिजिटल रूपात मिळतं. ते सगळं दोन-तीन महिन्यांत वाचून होत नाही. आधी लघुकथा, मग दीर्घकथा, मग लघुकादंबऱ्या असा क्रम ठेवा. सहा लघुकथा एका रविवारी होतात. सहा कादंबऱ्यांना नोकरी सांभाळून उन्हाळा जातो.

मराठी वाचकानं लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट: पात्रतेला भाषेची अट नाही. दिवाळी अंकात आलेली मराठी विज्ञानकथाही नियमानं पात्र आहे. तिचा पहिला इंग्रजी अनुवाद निघाला की अनुवादाच्या वर्षी ती पुन्हा पात्र ठरते.

आठ-नऊ महिने आधी: कार्यक्रमात नाव

परिसंवादात बोलणारे बहुतेक लोक सभासदांमधूनच येतात. त्यासाठी इच्छुकांचा फॉर्म निघतो. तो काही महिने आधीच बंद होतो, म्हणून संमेलनाच्या पत्रांवर लक्ष ठेवा. 'मला विज्ञानकथा आवडतात' एवढंच लिहून जागा मिळत नाही. नेमका विषय द्या: १९०९ पासूनची दिवाळी अंकांची परंपरा आणि तिनं विज्ञानकथेला दिलेली जागा, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धा, संशोधन करता करता कथा लिहिणारे डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचं २०२१ च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद. असे विषय कार्यक्रम आखणाऱ्यांकडे सहसा येत नाहीत, त्यामुळे ते वाचले जातात.

बोलायचं नसेल तरी 'तुमच्या भाषेत काय लिहिलं जातं?' हा प्रश्न पाच दिवसांत दहादा विचारला जाईल. त्याचं दोन मिनिटांचं इंग्रजी उत्तर तयार ठेवा: चार लेखक, प्रत्येकाची एक कथा, कथेचं बीज एका वाक्यात. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टनं १९९३ मध्ये काढला होता. तो मिळाला तर सोबत न्या, दाखवायला उपयोगी पडतो. मराठी अंक चाळायला मांडवीजवळची मध्यवर्ती लायब्ररी आहेच.

व्हिसा आणि पैसे

घाई इथे महागात पडते. क्रम असा ठेवा: पासपोर्ट, सभासदत्व, निमंत्रणपत्र, व्हिसा, आणि मगच परत न मिळणाऱ्या पैशांचं विमानतिकीट. पासपोर्ट प्रवासानंतरही निदान सहा महिने चालणारा असावा. व्हिसासाठी लागणारं पत्र संमेलन सभासदांना मागितल्यावर देतं. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये असेल तर सभासदत्वाच्या फॉर्ममध्येही तसंच लिहा. बिल्ल्यावरचं नाव वेगळं ठेवता येतं, त्यासाठी वेगळा रकाना असतो.

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा ऑनलाइन भरायचा. फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. बोटांचे ठसे द्यायला बडोदेकरांना अहमदाबादचं केंद्र जवळ पडतं. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक दोन कारणांनी: जाण्याचं कारण अस्पष्ट असतं, किंवा परत येण्याचं कारण दिसत नाही. म्हणून एका पानाचं साधं पत्र जोडा. त्यात संमेलन काय आहे, कुठल्या तारखांना आहे, खर्च कोण करणार आणि परतल्यावर कुठल्या तारखेला कामावर रुजू व्हायचं आहे, एवढंच असावं. त्यासोबत ऑफिसचं रजेचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं द्या. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर शंका येते. घरून मदत मिळणार असेल तर ती आधीच जमा करा आणि तसं लिहून द्या. विमान मध्ये कुठे बदलायचं आहे त्या देशाचे ट्रान्झिटचे नियमही तिकीट काढण्यापूर्वी बघा.

हॉटेलसाठी संमेलन काही खोल्या सवलतीच्या दरात राखून ठेवतं. त्या खुल्या झाल्या की सभागृहालगतच्या पहिल्यांदा संपतात. दोन-तीन जणांनी मिळून खोली घेतली तर खर्च खूप उतरतो. लांब राहिलात तर मेट्रोच्या नारिंगी मार्गाजवळ राहा. प्लास-द-आर्म स्थानकातून थेट पाले दे काँग्रेमध्ये निघता येतं.

तिथल्या किमतीवर कर वरून लागतो, ५ टक्के केंद्राचा आणि ९.९७५ टक्के क्युबेक प्रांताचा. बसून जेवलात तर त्यावर १५ ते २० टक्के टिप. म्हणजे मेनूवर २० डॉलर लिहिलेलं ताट हातात २६-२७ डॉलरला पडतं. अंदाजपत्रक मेनूच्या भावानं केलं की तिसऱ्याच दिवशी पैसे कमी पडतात. कार्डावर बऱ्याच बँका परकीय चलनाचे साडेतीन टक्क्यांपर्यंत घेतात, त्यामुळे नेहमीचा खर्च फॉरेक्स कार्डावर करा आणि क्रेडिट कार्ड अडचणीसाठी ठेवा.

पोशाख करायचा असेल तर

वर्ल्डकॉनला बरेचजण कथांमधल्या पात्रांसारखे पोशाख करून येतात. पहिल्या खेपेला फिरायचा पोशाख करा, म्हणजे मंचावर न जाता नुसता घालून वावरायचा. रंगमंचावरच्या स्पर्धेतही नवख्यांसाठी वेगळा गट असतो आणि त्यात जरूर उतरावं, पण तिथे नावनोंदणी, तालीम, संगीताची फाइल आणि साधारण एका मिनिटाचा प्रवेश असं सगळं सांभाळावं लागतं. फिरायचा पोशाख एक दिवस, तीन-चार तास घालायचा. तेवढ्यात फोटोही होतात आणि ओळखीही.

चिलखतासारखे भाग ईव्हीए फोमचे करतात. बूट-चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात त्याच्या शीट मिळतात. छाती-पाठीला ५ मिलिमीटर, खांद्याला १० आणि नक्षीला २ मिलिमीटर घ्या. आधी अंगावर जुना टी-शर्ट घालून त्यावर क्लिंग फिल्म आणि चिकटपट्टी गुंडाळा. पेननं जोड आखा, कापून काढा आणि त्याचे कागदी साचे करा. फोम कापताना कटरचं पातं उभं धरा आणि बोथट झालं की लगेच टोक मोडा. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं, आणि मग जोड बसत नाही.

आता क्रम, आणि बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. हीट गननं, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, गोलाई द्यायचं काम चिकटवण्याच्या आधी करा. फेविकॉल एसआरसारखा कॉन्टॅक्ट गोंद उष्णतेनं सुटतो. आधी चिकटवून मग गरम केलं की जोड उघडतात. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून दहाएक मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. एकदा टेकला की सरकवता येत नाही, त्यामुळे एका टोकापासून हळूहळू टेकवत जा. काम खिडक्या उघड्या ठेवून करा, वाफ डोक्यात जाते.

रंगाआधी पृष्ठभाग हीट गननं हलका शेकून घ्या. थोडी चमक येते, म्हणजे छिद्रं मिटली. मग पाणी घालून पातळ केलेल्या साध्या फेविकॉलचे तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. कोपर-कंबरेसारख्या वाकणाऱ्या जागी फेविकॉल तडकतो. तिथे लवचीक अॅक्रिलिक वापरा. रंगकाम मे-जूनमध्येच उरकून टाका. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंग आठवडाभर चिकट राहतो आणि सूटकेसमध्ये एक भाग दुसऱ्याला चिकटून बसतो. मात्र मे महिन्यात तयार भाग गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेनंही जोड सुटतात.

पट्टे नुसते फोमला चिकटवले तर तासाभरात फोमची साल घेऊनच निघतात. फोमला पट्ट्याच्या रुंदीची खाच पाडा, पट्टा आत ओवा, आतल्या बाजूनं पाच सेंटिमीटरचा फोमचा तुकडा त्यावर चिकटवा. ओढ मग खाचेवर येते, गोंदावर नाही.

याहून सोपा आणि तिथे कुणाकडे नसणारा पर्यायही आहे: नऊवारीवर फोमचे खांदे आणि मनगटपट्ट्या. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, साडी सूटकेसमध्ये सपाट बसते आणि जरीचे काठ मंगळ बाजारात हवे तसे मिळतात. नवरात्रात चार-चार तास गरबा खेळून सवय झालेल्या बडोदेकरांना पोशाख घालून वावरणं जड जाणार नाही.

सामानात स्प्रे रंग आणि कॉन्टॅक्ट गोंद चालत नाहीत, दोन्ही ज्वालाग्राही आहेत. दुरुस्तीच्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी आणि काळा इलॅस्टिक ठेवा. आपली ग्लू गनही नेऊ नका. तिकडे वीज १२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या गनला तिथे जेमतेम पाव शक्ती मिळते, म्हणजे काडी वितळतच नाही. फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अॅडॉप्टर लागतो.

नकली हत्यारांबद्दल संमेलनाचा नियम शब्दशः वाचा. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक नेऊच नका. १९७२ च्या लॉस एंजेलिस संमेलनात एकजण अंगाला पीनट बटर थापून मंचावर आला होता. त्यानं पडदे, खुर्च्या आणि इतरांचे पोशाख खराब झाले. तेव्हापासून जे अंगाला लागतं किंवा सांडतं ते पोशाखात नको, हा नियम रूढ झाला. रंग पुसून बघा. पांढऱ्या रुमालावर उतरला तर वरून वार्निशचा एक हात अजून लागेल.

शेवटचे दोन महिने: पाय आणि पिशवी

संमेलनात दिवसाला दहा किलोमीटर सहज चालणं होतं, तेही कडक फरशीवर. जे बूट नेणार तेच घालून जुलैपासून कमाटीबागेत रोज तासभर चाला. नवे बूट तिथे पहिल्यांदा घातले की दुसऱ्या दिवशी फोड येतात आणि पुढचे तीन दिवस खुर्चीवर जातात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मॉन्ट्रियालला रात्री १३-१४ आणि दुपारी २२-२३ अंश असतं, आणि एसीमुळे सभागृहात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी वाजते. स्वेटर रोजच्या पिशवीत ठेवा.

पिशवीत पाण्याची बाटली, पॉवर बँक, वही, दोन पेनं, मास्क आणि खाऊ. भाकरवडी आणि सुका चिवडा सीलबंद पाकिटातला न्या आणि विमानतळावर खाण्याचे पदार्थ असल्याचं जाहीर करा. फळं आणि दुधाची मिठाई नेऊ नका. गर्दीत सर्दी-खोकला हमखास पसरतो, त्यामुळे मास्कची लाज वाटून घेऊ नका.

तिथले पाच दिवस

निदान एक दिवस आधी पोहोचा, दोन जमले तर उत्तम. नोंदणी बहुधा आदल्या दिवशीच सुरू होते आणि तेव्हा रांग लहान असते. पहिले दोन दिवस पहाटे तीनला जाग येईल आणि संध्याकाळी सहाला डोळे मिटतील. म्हणून सुरुवातीला सकाळचे कार्यक्रम ठेवा, रात्रीच्या बैठका तिसऱ्या दिवसापासून.

एका वेळी दहा-पंधरा ठिकाणी काही ना काही चालू असतं. दिवसाला चारच कार्यक्रम पक्के करा, प्रत्येकाला एक पर्याय ठेवा आणि दोन कार्यक्रमांमध्ये मोकळा तास सोडा. चाहत्यांमध्ये ५-२-१ असा एक जुना नियम आहे: पाच तास झोप, दोन नीट जेवणं, एक आंघोळ, रोज. तिसऱ्या दिवशी रडू येतं ते बहुतेक यातला एखादा आकडा चुकल्यामुळे.

सगळ्यांत मोलाच्या बैठका छोट्या असतात. एक लेखक, एक टेबल, भोवती आठ-दहा वाचक, एक तास. त्यांना आधी नाव द्यावं लागतं आणि यादी उघडल्यावर काही मिनिटांत भरते. फार प्रसिद्ध लेखकाच्या मागे लागू नका. ज्याची एखादी कथा तुम्हाला खरोखर भिडली आहे अशा नव्या लेखकाचं टेबल निवडा, तिथे खरं बोलणं होतं. सहीच्या रांगेत बहुतेक ठिकाणी एका वेळी तीनच पुस्तकं चालतात. पान उघडून, त्यात तुमचं नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवून उभे राहा. 'ज्ञानेश्वरी' किंवा 'क्षितिज' ऐकून कुणालाही लिहिता येणार नाही.

तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, लेखकालासुद्धा. 'सर', 'मॅडम' म्हणालात तर समोरचा अवघडतो. परिसंवादात प्रश्न एका वाक्यात विचारा. पोशाखातल्या माणसाचा फोटो विचारून काढा आणि पोशाखाला हात लावू नका. शहर फ्रेंच बोलणारं आहे, दुकानात 'बोंजूर' म्हणून सुरुवात केली की वागणं लगेच मोकळं होतं.

एकटे गेला असाल तर दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांच्या टेबलावर जा आणि तीन तास काम मागा. बिल्ले वाटणं, दारावर माणसं मोजणं, खुर्च्या लावणं, काहीही. गणेशोत्सवाच्या मंडळात काम केलेल्याला हे शिकवावं लागत नाही. अनोळखी गावात ओळखी व्हायला याहून जवळचा रस्ता नाही, आणि ४ तारखेला घरच्या आरतीची आठवण आलीच तर सोबतीला माणसं असतील.

परतल्यावर

सभासदत्व ६ सप्टेंबरला संपत नाही. २०२७ च्या सभासदांना २०२८ च्या ह्युगोसाठी शिफारस करता येते, आणि ती असेल २०२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साहित्याची. ऑक्टोबरअखेर दिवाळी अंक येतील. विज्ञानकथा वाचताना शेवटच्या पानावर कथेचं नाव, लेखक, अंक आणि अंदाजे शब्दसंख्या पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा शिफारशींचा फॉर्म उघडेल तेव्हा हेच चार रकाने त्यात भरायचे आहेत.